संकष्टीचा रोस्ट

मंगळवार, १० मार्च

माझं आयुष्य बदललं ते आज संध्याकाळी, बेसमेंटच्या जिन्यात, हातात धुतलेल्या कपड्यांची बास्केट असताना, ‘मी करतो’ हे दोन शब्द तोंडातून निघाले तेव्हा.

नीट लिहितो. मी राहतो टोरंटोजवळ मिसिसागात, शोभा आजींच्या बेसमेंटमध्ये, भाड्यानं. गेल्या शुक्रवारी संकष्टी होती. आजी चंद्र बघायला ड्राइव्हवेवर आल्या आणि बर्फावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. मी तिथंच होतो म्हणून उचलायला सापडलो. प्लास्टर घालून झाल्यावर पहिला प्रश्न त्यांनी मला केला, "तू तिथं थंडीत काय करत होतास रे?"

"असाच."

"असाच कोणी चंद्र बघत नाही."

मी विषय बदलला. तर आज वर शोककळा. मनगटाची नाही, ईस्टरच्या रोस्टची! डॉक्टर आजोबा एकाहत्तर साली शेफील्डच्या हॉस्पिटलात होते, तेव्हा घरमालकिणीनं आजींना लँबचा रोस्ट शिकवला. तेव्हापासून एक ईस्टर चुकलेला नाही. अख्खी तंगडी, पुदिन्याचा सॉस, ग्रेव्ही, बटाटे. जुने डॉक्टर मित्र जेवायला येतात, त्यांत भाऊसाहेब पहिले.

"या वर्षी पिझ्झा मागवू," आजोबा म्हणाले.

"भाऊसाहेबांना पिझ्झा? मग मी दुसरंही मनगट मोडून घेते."

तेवढ्यात ऊर्मी बोलली. ऊर्मी म्हणजे त्यांची नात. टोरंटोत फिजिओथेरपी शिकते. तिच्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही, कारण मग वही पुरणार नाही. ती म्हणाली, "निमिषला विचारू या? ही इज सो मेथॉडिकल."

निमिष! पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक तपासणारा. माझं डोकं फिरलं आणि ते दोन शब्द निघाले.

"तुला येतं?" आजोबा.

"मी कोल्हापूरचा आहे आजोबा. मटण आम्हाला शिकवायचं नसतं."

ऊर्मी हसली. माझ्यावर की माझ्यासाठी, कळलं नाही. खाली आलो आणि आनंदानं दार आपटलं. वरून आजी, "जयदीप, दार!"

मला मटण करता येत नाही. खाता येतं.

शुक्रवार, १३ मार्च

आज कामावर, वॉनच्या वेअरहाउसमध्ये, सुपरवायझरशी वाजलं. मी बरोबर होतो. सस्काटूनला लॅबमध्ये पार्टनरशी वाजलं तेव्हाही मीच बरोबर होतो. मग प्रोफेसर मध्ये पडला, त्यालाही सांगितलं, आणि दार आपटून जो बाहेर पडलो तो परत कॉलेजात गेलोच नाही. बाबा तिथंच पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर आहेत. ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी नववीत असताना आम्ही इकडे आलो. बाबा म्हणतात कोल्हापूरहून येताना सगळ्यांनी सामान आणलं, यानं फक्त डोकं आणलं, तेही तापलेलं.

रविवार, १५ मार्च

पहिला पाठ. विद्यार्थी मी, मास्तरीण प्लास्टरमधली.

रोस्टचा ओव्हन माझ्या खोलीबाहेर बेसमेंटमध्येच आहे. वरच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा चढत नाही. लँबचा ट्रे, सुरी, हात पुसायचं फडकं, सगळं खाली. आजींच्या हिशेबानं बेसमेंट म्हणजे वेशीबाहेर.

मला आज धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी विचारलं, "आजी, चव कशी पाहिजे? म्हणजे नक्की कशी लागते?"

"मला काय माहीत! मी कुठं खाल्लंय?"

पंचावन्न वर्षं! या बाईनं पंचावन्न वर्षं रोस्ट केला आणि एक कण तोंडात घातला नाही. आमच्याकडं बाबा रस्सा उकळताना तळहातावर घेऊन इतक्या वेळा मीठ बघतात की पंगत बसेपर्यंत त्यांचं जेवण झालेलं असतं.

"मग झाला कधी ते कळतं कसं?"

"वासानं. आवाजानं. आणि हिनं." त्यांनी स्वेटर विणायची स्टीलची सुई काढली. तंगडीच्या पोटात खुपसायची, थोडी थांबवायची, काढून मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची. गार लागली तर कच्चा. चटका बसला तर वाया गेला. अंगावर घेतलेल्या कोमट पाण्यासारखी लागली की बाहेर काढायचा. घरमालकीण ओठाला लावायची म्हणे. आजींनी ओठाचं मनगट केलं.

आणि मनगट आता प्लास्टरमध्ये.

ऊर्मी जिन्यात बसून सगळं ऐकत होती. आता दर शनिवार-रविवार येणार म्हणे, आजीच्या हाताचे व्यायाम घ्यायला. प्लास्टरमधल्या हाताला काय व्यायाम देतात ते मला माहीत नाही, पण तिचा अभ्यास आहे तो.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. वर गुढी, श्रीखंड. मला बोलावलं होतं. निमिषही होता. त्यानं श्रीखंडाचं कौतुक केलं, आजोबांचा प्रिंटर दुरुस्त केला, माझी टोपी कुठून घेतली विचारलं. किती गोड बोलतो हा माणूस! मला घाम फुटतो त्याच्या गोडव्यानं.

ऊर्मी भांडी पुसताना म्हणाली, "यू नो, निमिष ग्रोसरीची स्प्रेडशीट ठेवतो. कांदे पण त्यात."

म्हणजे तिला शिस्तीची माणसं आवडतात. जाताना माझी टोपी घालून गेली. घाईत लक्षात आलं नसेल. परत कशी मागू?

रविवार, २२ मार्च

आज रंगीत तालीम आणि आज माझी अब्रू गेली.

बाजूच्या प्लाझातल्या खाटकाकडे गेलो. "भाईजान, लँब का पूरा लेग," म्हटलं. त्यानं तंगडी काढली, तोलली. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन. मी त्याच्याशी भांडतोय, समोरून भाईजान विचारतोय, "हमेशा जैसा?" मी हातानं हो हो केलं.

घरी येऊन पिशवी उघडली. करीसाठी करतात तसे तुकडे! इंच-इंचाचे! नळीसुद्धा चिरलेली. आपली माणसं त्याच्याकडं दुसरं काही मागतच नाहीत, त्याचा काय दोष. आजी इतक्या हसल्या की प्लास्टर पोटाशी धरून खुर्चीत बसल्या. "बांध आता दोऱ्यानं!"

मग काय, आईला फोन लावला आणि तिनं सांगितला तसा तांबडा रस्सा केला. आजोबांनी दोन वाट्या ओरपल्या. ऊर्मीच्या डोळ्यांतून पाणी, नाक लाल, तरी वाटी पुढं. "थोडा अजून. नो, आय ॲम फाइन!" उरलेला डबा भरून घेऊन गेली. भिडस्त आहे. तिची संध्याकाळ वाया घालवली मी.

आईनं शेवटी विचारलं, "बाबांना देऊ फोन?" मी म्हटलं नको. मागून बाबांचा आवाज आला, "खोबरं भाजून घेतलं का विचार त्याला."

घेतलं होतं.

रविवार, २९ मार्च

दुसरी तालीम. या खेपेस खाटकासमोर हात जोडून उभा राहिलो आणि अख्खी तंगडी अख्खीच आणली. लसणाच्या पाकळ्या चिरांमध्ये खोचल्या, रोझमेरीच्या काड्या, मीठ, मिरी. बस्स! कांदा-लसूण मसाल्याची बरणी फडताळातून माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं. आजी म्हणाल्या, "हात मागं."

खरी पंचाईत पुढं. मला धीर धरवत नाही. आत काय चाललंय ते बघावंसं वाटतं. मी ओव्हन उघडायचा, आजी ओरडायच्या. "अरे दर वेळी ऊब बाहेर जाते! त्याला आत राहू दे की!" शेवटी चिडून ओव्हनचं दार आपटलं, तर ते उसळून पुन्हा उघडलं. परत आपटलं, परत उघडलं.

"ते पंचवीस वर्षं जुनं आहे," आजी शांतपणे म्हणाल्या. "आपटलं की बसत नाही. हळू लावलं की बसतं."

रोस्ट बाहेरून कोळसा, आतून कच्चा. ऊर्मीनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "इट हॅज... पर्सनॅलिटी."

मी दार आपटून बाहेर गेलो. "जयदीप, दार!" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं.

परत आलो तर ऊर्मी गेलेली. ओव्हनवर माझी टोपी, घडी करून. म्हणजे संपलं. टोपीच्या आत एक चॉकलेट होतं, ते खाल्लं.

शुक्रवार, ३ एप्रिल

गुड फ्रायडेची सुट्टी. वर गेलो तर आजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभ्या.

"रविवारी ईस्टर," त्या म्हणाल्या, "आणि रविवारीच संकष्टी."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. आता हे फक्त वहीलाच सांगतो. जानेवारीतल्या अंगारकीपासून मी संकष्ट्या धरल्यात. गणपतीला सांगितलंय, ऊर्मी हो म्हणेपर्यंत सोडणार नाही. तिला अजून काही विचारलेलं नाही, हा भाग वेगळा. म्हणजे रविवारी मी उपाशी. मी चव बघायची नाही. ग्रेव्हीचा थेंब नाही. कोल्हापूरचा माणूस मटणाजवळ दिवसभर उभा राहणार आणि बोट चाटणार नाही!

"आजी, मग रोस्ट...?"

"रोस्ट होणार. उपास माझा आहे, भाऊसाहेबांचा नाही. मी साबुदाण्याची खिचडी करायला सांगते ऊर्मीला. बटाटे दोन्हीकडं चालतात, वरच्या ओव्हनमध्ये तुपातले करू." मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहत म्हणाल्या, "खिचडी किती माणसांची करू?"

"मला काय माहीत?"

"एक जास्त करते."

निमिषपण येतोय रविवारी. आजोबांनी बोलावलंय. माझी आशा जवळजवळ संपली आहे. फक्त रोस्ट उरलाय. तो जमला तर ती निदान एकदा माझ्याकडं नीट बघेल. फसला तर सोमवारी मी हे घर सोडतो. ठरलं.

रविवार, ५ एप्रिल. दुपार

बसून सगळं क्रमानं लिहितो. पोटात कावळे नाहीत, अख्खं गिधाड आहे.

सकाळी तंगडी ओव्हनमध्ये घातली. दार हळू लावलं. बसलं. मग समोर खुर्ची टाकली आणि हात मांडीखाली दाबून बसलो. आजी वर, मी खाली, आणि मध्ये जिन्यातून वास चढत होता. आजी वरून हाका मारायच्या. "आता लसणाचा येतोय. अजून वेळ आहे." मग, "आता रोझमेरी आली. आच कमी कर." माणूस वास ऐकू शकतो हे मला माहीत नव्हतं. नंतर मलाही कळायला लागलं. आधी चरबी तडतडते, मग आवाज बारीक होतो, कुजबुजल्यासारखा.

निमिष लवकर आला. बाही वर करून म्हणाला, "काय मदत करू?" मी म्हटलं काही नको. त्यानं बटाटे सोलायला घेतले, एकसारखे, एका मापाचे. मग खिशातून थर्मामीटर काढला. "मधोमध साठ डिग्री झालं की काढ. मी वाचून आलोय."

माझी कानशिलं तापली. पंचावन्न वर्षांच्या सुईसमोर हा थर्मामीटर! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ऊर्मी जिन्यातून आली, हाताला साबुदाणा चिकटलेला. म्हणाली, "आजी म्हणतेय सुईची वेळ झाली."

सुई खुपसली. थांबलो. काढली. माझ्या मनगटाला लावली आणि काहीच कळेना. सकाळपासून ओव्हनसमोर बसून हात भट्टीसारखे तापलेले. त्यांना सगळंच सारखं.

"ऊर्मी, हात दे."

"मी? व्हाय मी?"

"तुझा गार आहे."

तिनं मनगट उलटं करून पुढं धरलं. सुई पुन्हा घालून काढली आणि तिच्या मनगटावर टेकवली. तिथं एक निळी शीर होती.

"चटका?"

"नाही."

"गार?"

"नाही. इट्स नाइस. वॉर्म." मग हळूच, "अजून ठेव."

सुई ठेवून झालेली होती. निकाल लागलेला होता. पण तिनं म्हटलं म्हणून ठेवली. निमिष थर्मामीटर घालून म्हणाला, "साठ. एक्झॅक्टली." म्हणजे दोघं एकच बोलले. हे मला लिहायचं नव्हतं, पण खरं आहे.

मग रोस्ट झाकून ठेवायचा, अर्धा तास, हात न लावता. वर भुकेले डॉक्टर येरझारा घालतायत. मी फॉइलवर टॉवेल टाकला आणि पाठ करून उभा राहिलो. ग्रेव्ही केली. मीठ आजींनी सांगितलं तसं हातानं, जिभेनं नाही. पुदिना बारीक चिरून साखर आणि व्हिनेगर. एक हिरवी मिरची हातात आली होती. परत ठेवली. आयुष्यातला सगळ्यात मोठा त्याग.

ईस्टरपुरती सूट असलेल्या वरच्या टेबलावर तंगडी नेली. भाऊसाहेब रिटायर्ड सर्जन, कापायचा मान दरवर्षी त्यांचा. सुरी अशी गेली की जणू तंगडीनंच वाट दिली. आत कडेपासून मध्यापर्यंत गुलाबी. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "मीठ किंचित कमी."

टेबल हसून फुटलं. मी खुर्ची मागं सरकवली, उठणारच होतो. आजींनी प्लास्टरचा हात माझ्या हातावर ठेवला. "बस. ते पंचावन्न वर्षं हेच म्हणतात. न म्हणाले असते तर मला काळजी वाटली असती."

"शोभाताई, तुमच्या हाताखाली तयार झालाय पोरगा," भाऊसाहेब म्हणाले. आजोबांनी नुसती ताटली पुढं केली, दुसऱ्यांदा.

आणि मी? मी खिचडीच्या टोकाला, आजी आणि भाऊसाहेबांच्या बायकोच्या मध्ये.

ऊर्मी ताटात स्लाइस घेऊन बसली होती. काटा उचलला आणि तिची नजर माझ्या ताटावर गेली. "तू खिचडी का खातोयस? यू मेड द थिंग!"

"उपास आहे."

"तुझा? तू तर कोल्हापूर!"

"कोल्हापूरलाही गणपती आहे."

"पण का धरलायस?"

आजी मध्येच, "विचारू नये ग. नवस सांगायचा नसतो."

"नवस? फॉर व्हॉट?"

निमिष म्हणाला, "जॉबसाठी असेल. चांगलंय." खरोखर चांगल्या मनानं म्हणाला, म्हणून जास्त राग आला. मी खिचडीतले दाणे मोजायला लागलो. मान वर केली तर ऊर्मी माझ्याकडं बघत होती. मग खिडकीबाहेर, ड्राइव्हवेकडं, जिथं आजी पडल्या होत्या. मग परत माझ्याकडं. देवाची कृपा, तिला काही कळलं नाही.

पण नंतर जे झालं ते फार लागलं. तिनं ताटातली स्लाइस बाजूला काढली. खाल्लीच नाही! खिचडी घेतली, तुपातले बटाटे घेतले, तंगडीला हात नाही. मागच्या रविवारच्या घासाची आठवण झाली असणार. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं, आणि जिच्यासाठी सगळं केलं, तिनं ताटाच्या कडेला ढकललं.

मी खाली आलो. पाहुणे होते म्हणून घराचं दार आपटलं नाही, ओव्हनचं आपटलं. उसळून उघडलं. त्याच्यासमोर बसलो आणि सोमवारी कुठं राहायला जायचं त्याचा विचार करायला लागलो.

थोड्या वेळानं जिन्यात पावलं. ऊर्मी. हातात डबा.

"चंद्र कधी उगवतो?"

"आज लई उशिरा."

"ओके." तिनं डबा माझ्या टेबलावर ठेवला. "यात चार स्लाइस आहेत. भाऊसाहेबांपासून लपवल्या."

"चार कशाला? मला दोन पुरेत."

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी आजी टाकतात, मी ओव्हन उघडला की. "दोन माझ्या आहेत, जयदीप. तू उपाशी असताना मी कशी खाऊ?"

मी म्हटलं, "तुला आवडला नाही म्हणून..."

"मी चाखलाच नाही! आय हॅव नो आयडिया कसा झालाय." मग ती हसली. "आजीसारखं."

वर गेली. डबाही उचलून नेला. पाच मिनिटांनी जिन्यावरूनच ओरडली, "लेकवर चालायला येतोस? चंद्राला वेळ आहे, आय नो. तरी. आणि टोपी आण. माझी."

माझी टोपी तिची कधी झाली, हे विचारायचंय. आणखीही एक विचारायचंय, जानेवारीपासूनचं. पण मला वाटतं आज विचारणार नाही. नुसतं शेजारून चालीन. हे मी लिहितोय, मी! बाबांना दाखवलं तर अक्षर माझं नाही म्हणतील.

निमिष वर भांडी घासतोय. आजी खुर्चीत डुलक्या घेतायत, पण कान जिन्याकडं असणार, ठाऊक आहे मला. खिडकीतून दिसतंय, ऊर्मी ड्राइव्हवेवर उभी आहे, डबा कोटाखाली धरून.

वही मिटतो. टोपी घेतली. आता बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. इतकं हळू, की मी गेलो हे आजींना चहाच्या वेळी कळेल.